हवेवरचा धंदा

आपल्या लोकांना दुसऱ्याचं बरं चाललेलं बघवत नाही, असं म्हणतात. हा आपल्यावर अन्याय आहे. दुसऱ्याचं बरं चाललेलं आपल्याला छान बघवतं. बघवत नाही ते एवढंच, की इतकं बरं चाललं आहे आणि त्यातून चार पैसे सुटत नाहीत! पूर्वी एखाद्या घरी चकली चांगली जमली तर लोक निर्लज्जपणे आणखी दोन मागून घेत आणि तेवढ्यात त्या चकलीच्या जन्माचं सार्थक होई. आता दुसरी चकली तोंडात असतानाच विचारतात, "तुम्ही ऑर्डरी का घेत नाही?" रविवारी सकाळी कुणी पेटी काढून बसला, की शेजारी दार वाजवतात. पूर्वी ते "जरा हळू" असं सांगायला वाजवत. आता "क्लास का काढत नाही?" हे विचारायला वाजवतात. मला पहिले शेजारी परवडले.

'छंद' आणि 'धंदा' या दोन शब्दांचं जवळजवळ यमक जुळतं, हे मराठी भाषेचं दुर्दैव आहे. यमक जुळलं की आपल्याला विचारही जुळला असं वाटतं. "छंदाचा धंदा करा!" हे वाक्य हल्ली व्याख्यानात ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि निवृत्त माणसाच्या निरोपसमारंभात तर नारळाबरोबर हातातच देतात. या वाक्यानं लोकांच्या किती दुपारी नासवल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी ठेवायचं ठरवलं आहे. निदान दोन बाल्कन्यांपुरता.

आमच्या बाल्कनीत एअर प्लांट्स आहेत. आजमितीस एकतीस. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही मातीशिवाय जगणारी झाडं. शास्त्रीय नाव टिलँडशिया, कूळ अननसाचं, आणि माहेर पार अमेरिकेत. फ्लोरिडा-मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंत. तिकडे ती झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर, निवडुंगांवर राहतात. एक जात तर विजेच्या तारांवरही संसार थाटते. (आपल्याकडे तारांवर पतंग आणि आकडे यांचीच इतकी गर्दी असते, की तिला जागा मिळाली नसती.) मुळं असतात, पण ती नुसती धरून बसायला, लोकलमध्ये उभ्या माणसाला वरची कडी असते तशी. जेवणखाण सगळं पानांतून. पानांवर बारीक रुपेरी खवले असतात, ते पावसाचं, धुक्याचं पाणी टिपून घेतात. त्यामुळे ही झाडं हिरवी कमी आणि राखाडी जास्त दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की कुणीतरी अननसाचा शेंडा कापला आणि फेकायला विसरलं.

आमच्या मातोश्रींनी पहिलं रोप पाहिलं तेव्हा एकच शब्द उच्चारला: "बांडगूळ!" हे म्हणताना त्यांनी रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, यावर मी समाधान मानलं. पण शब्द चुकीचा आहे. बांडगूळ आंब्याच्या फांदीत तोंड खुपसून त्याचा रस पितं. हे झाड म्हणजे ओसरीवर टेकलेला वाटसरू. यजमानाकडून सावली घेईल, पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं पिईल. आपल्या कोकणात आंब्याफणसावर आमरी बसते, सीतेची वेणी लोंबते, त्या याच स्वभावाच्या. खरं बांडगूळ कोण, ते पुढे येईलच.

आता यांच्या पाण्याबद्दल. टिलँडशिया हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते एलियास टिलँड्झ सतराव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ. लिनियसनं त्यांची गोष्ट सांगितली आहे. विद्यार्थी असताना हे गृहस्थ तुर्कूहून स्टॉकहोमला जहाजानं निघाले आणि वाटेत त्यांना समुद्र असा काही लागला, की परतताना त्यांनी जहाजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अख्ख्या आखाताला वळसा घालून पायी घरी आले, आणि आडनावही 'जमिनीवरून' अशा अर्थाचं घेतलं. लिनियसची समजूत झाली, की या झाडांनाही पाणी सोसत नाही. म्हणून त्यानं टिलँड्झसाहेबांचं नाव झाडांना देऊन टाकलं. तात्पर्य, 'यांना पाणी लागत नाही' ही थाप थेट लिनियसपासून चालत आली आहे. फरक इतकाच, की लिनियसला झाडं विकायची नव्हती.

पाणी लागतं. चांगलं लागतं. आठवड्यातून एकदा तरी सकाळच्या वेळी बादलीत वीसतीस मिनिटं डुंबायला सोडावं लागतं. सकाळीच, कारण ही मंडळी श्वासाची रंध्रं रात्री उघडतात. संध्याकाळी भिजवून ठेवली तर रात्रभर नाकातोंडात पाणी. मग एकेकाला उलटं धरून झटकायचं, आणि तीनचार तासांत खडखडीत वाळेल अशा वाऱ्यावर ठेवायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं, की झाड आतून कुजतं. वरून टवटवीत दिसतं, आणि एक दिवस हात लावावा तर मधला गाभाच हातात येतो. एप्रिलात पुण्याला आठवड्यातून दोनदा डुंबवावं लागतं. जुलैत ठाण्याला बादली ठेवून द्यायची आणि पंखा लावायचा. तान्ह्या मुलाच्या न्हाऊमाखूइतकं हे सगळं नाजूक आहे, फक्त मूल रडतं तरी. हे रडत नाही.

आणि मग दोनतीन वर्षांनी केव्हातरी एके दिवशी 'आयोनांथा' नावाचं मुठीएवढं रोप मधूनच लालभडक होतं, त्यातून जांभळ्या नळीसारखी फुलं वर येतात, आणि घरातली माणसं चहा टाकून बाल्कनीत येतात. आयुष्यात एकदाच फुलतं. फुलून झालं की बुडाशी पिल्लं धरतं, आणि पिल्लं मोठी होता होता आई वाळत जाते.

पिल्लांची ही हकीगत मी एकदा आमच्या मेव्हण्यांसमोर बोलून गेलो. मेव्हणे बँकेत होते. त्यांनी 'आई वाळत जाते' हे ऐकलंच नाही. "एकाची तीन पिल्लं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि खिशातून मोबाईल काढून गणित मांडलं. "तुमच्याकडे तीस आहेत. तिसाची नव्वद. नव्वदाची दोनशेसत्तर. पाचव्या फेरीला सात हजार दोनशे नव्वद. एक रोप तीनशेला धरा..." मेव्हण्यांच्या आवाजात कंप आला. बुद्धिबळाच्या पटावर गहू मांडणाऱ्या त्या राजालाही इतका आला नसेल. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एक फेरी व्हायला तीन वर्षं लागतात. पाचव्या फेरीला मी सत्त्याहत्तर वर्षांचा होईन." त्यावर ते म्हणाले, "मग आताच सुरुवात करायला हवी!"

मेव्हण्यांचं मी हसण्यावारी नेलं. आमच्या चुलतवहिनींच्या बाबतीत मला हसता येत नाही.

वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. तीस वर्षं शाळा, सासूचं आजारपण, दोन मुलं, आणि भाऊंचा पथ्याचा स्वयंपाक, हे सगळं सांभाळून २०१९ साली त्या निवृत्त झाल्या. २०२० च्या टाळेबंदीत मी त्यांना दोन पिल्लं पाठवली होती. दोनाची दोन वर्षांत साठ झाली. काही विकत, काही अदलाबदलीत. पण मोजदाद महत्त्वाची नाही, वही महत्त्वाची. वहिनींनी त्या झाडांचा हजेरीपट ठेवला होता. शाळेतला असतो तसा, लांबट. डाव्या हाताला नावं, वर तारखा. आंघोळ झाली की 'ह'. राहिली की 'गै'. फुललं की लाल शाईची फुली. दुपारी दोन ते चार त्या बाल्कनीत असत आणि त्या वेळात घरच्यांनी हाक मारायची नाही, असा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम केला होता. मी एकदा विचारलं, "एवढा वेळ करता काय?" म्हणाल्या, "काही नाही हो भावजी. बसते." तीस वर्षं ज्या बाईला बसायला मिळालं नाही तिनं 'बसते' हा शब्द किती ऐटीत उच्चारावा!

हे बसणं घरच्यांना पाहवेना. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. चिरंजीव म्हणाले, "आई, एवढं करतेस, तर याचं काहीतरी कर." या 'काहीतरी'त सगळी मेख आहे. बाई बसली आहे हे चालत नाही. बाई बसून काहीतरी करते आहे असं दिसावं लागतं. आठ दिवसांत नाव ठरलं, कार्डं छापून आली, सुनेनं फोटो काढले. सगळ्यांनी मिळून वहिनींना उद्योजिका केलं. त्या नको म्हणाल्या नाहीत. आपलं कौतुक होतंय असं माणसाला वाटलं, की नको म्हणणं फार जड जातं.

पहिल्या रोपांबरोबर वहिनी स्वहस्ताक्षरात एक सूचनापत्र देत. अकरा सूचना, क्रमांक घालून. चिरंजीव म्हणाले, "हे वाचून कोण घेईल?" अकराच्या पाच झाल्या. मग दोन. मग छापील चिठ्ठी आली: 'माती नको, कुंडी नको, काळजी नको!' ज्या बाईनं आयुष्यभर पोरांच्या वहीत खोटं उत्तर दिसलं की लाल रेघ मारली, तिच्या नावाखाली ही चिठ्ठी गावभर गेली. माझं भांडण आहे ते या चिठ्ठीशी. ज्याला झाडाची आवड आहे त्याला माहीत असतं, की हे झाड कष्टाचं आहे. ज्याला झाड विकायचं आहे त्याला सांगावं लागतं, की ते कष्टाचं नाही. ही दोन माणसं एकाच पातळात राहू शकत नाहीत. एकाला घराबाहेर जावं लागतं, आणि भाडं कोण देतं यावर कुणी जायचं ते ठरतं.

गिऱ्हाइकाला झाड नको होतंच, शोभा हवी होती. त्याला काचेच्या गोळ्यात घातलेलं हवं होतं. बंद काचेत हे झाड म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत माणूस. फ्रिजवर चिकटवायला हवं होतं, म्हणून बुडाला गरम डिंक लावून चुंबक बसवायचा. कुणाला निळं हवं होतं. झाड निळं? तर हो, घाऊक बाजारात ही रोपं रंगाचा फवारा मारून मिळतात. ज्या खवल्यांतून त्यानं प्यायचं तेच रंगानं बुजवून. एका भाविक गिऱ्हाइकानं रोज रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी झाडाला पाजलं. माणसाला चांगलं ते झाडालाही चांगलं, या हिशेबानं. तांब्याचं आणि या कुळाचं हाडवैर आहे. महिन्याभरात झाड गेलं आणि बाईंचा फोन आला, की तुमच्या मालात दम नाही.

'माल'! पुढे वहिनीही माल म्हणू लागल्या.

एका मुंजीची ऑर्डर आली. सव्वाशे रोपं, परतभेट म्हणून, तीन आठवड्यांत. तीन आठवड्यांत टिलँडशियाला एक पान धड फुटत नाही. वहिनींची स्वतःची रोपं, म्हणजे हजेरीपटावरची, त्या मुंजीत गेली. उरलेली घाऊकवाल्याकडून आणली. ही झाडं परदेशातून आणायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे परवाना लागतो, रोग नसल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला लागतो. तो खटाटोप मोठे व्यापारी करतात आणि खोक्यात किती दिवस पडून राहिलेलं कोणतं रोप आपल्या वाट्याला येतं, ते देव जाणे. मुंजीनंतर महिनाभर वहिनींच्या व्हॉट्सॲपवर मेलेल्या झाडांचे फोटो येत होते. लोक फोटोखाली लिहीत, "असं का झालं?" वहिनी रात्री अकरा वाजेपर्यंत उत्तरं लिहीत बसत. दुपारी दोन ते चार डबे बांधत. हजेरीपटाच्या उरलेल्या पानांवर जमाखर्च सुरू झाला होता. डाव्या हाताला झाडांच्या नावांऐवजी गिऱ्हाइकांची नावं.

वर्षअखेर चिरंजीवांनी हिशेब मांडला. निव्वळ नफा अकरा हजार चारशे. पेढे आणले. मी विचारलं, "यात आईचा पगार धरलास का?" तो चकित झाला. "पगार? काका, तिला आवडतं म्हणून ती करते!"

इथे थांबून बघा, वाचकहो. 'छंदाचा धंदा' या मंत्राची सगळी गंमत या एका वाक्यात आहे. आवडतं म्हणून फुकट राबवायचं, आणि पैसे मिळतात म्हणून न आवडणारं करायला लावायचं. धंदा म्हणावा तर पगार नाही, छंद म्हणावा तर सवड नाही. आंब्याच्या फांदीत तोंड खुपसून रस पिणारं ते बांडगूळ म्हणतात ते हेच.

आता कुणी म्हणेल, की तुम्हाला पेन्शन आहे म्हणून हे सुचतं. ज्यांना चार पैशांची गरज आहे त्यांनी काय करावं? त्यांनी धंदा करावा. जरूर करावा, आणि छातीठोकपणे त्याला धंदाच म्हणावं. मसाले कुटून पोरांच्या फिया भरणाऱ्या बाईला कृपा करून 'छंद जोपासणारी' म्हणू नका. तसं म्हटलं, की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "घरचंच तर आहे, थोडं कमी करा की!" दुकानदाराला नाही म्हणत. छंद म्हटला की भाव पडतो, हे बाजारातलं सत्य कोणत्याही व्याख्यात्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी-उरुळी कांचनकडे जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. तिथल्या एकाही नर्सरीवाल्यानं मला आजवर सांगितलं नाही, की मला झाडांचं फार वेड आहे. त्याला पाण्याचा खर्च माहीत असतो, मजुरी माहीत असते, शंभरातली किती मरणार हे माहीत असतं, आणि तो हे सगळं किमतीत धरतो. मी एकदा त्याला विचारलं, "हे झाड फ्लॅटमध्ये जगेल का?" तो म्हणाला, "नाय जगणार. दुसरं न्या." हा खरा व्यापारी. त्याला झाडाबद्दल खरं बोलणं परवडतं, कारण एका झाडावर त्याचं घर चालत नाही. वहिनींना ते परवडू दिलं नाही.

या झाडांत 'झेरोग्राफिका' म्हणून एक राणी आहे. मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. रुपेरी, कुरळी, वाढली की परडीएवढी होते. नावावरून वाटतं, हिच्या झेरॉक्स काढता येत असतील. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'कोरडं' असाच आहे, पण साम्य तिथेच संपतं. यंत्र मिनिटाला पन्नास प्रती काढतं. ही फुलायलाच वर्षानुवर्षं घेते. बाजाराला तेवढा दम कुठला? लोकांनी ती जंगलातून इतकी ओरबाडली, की १९९२ साली तिचं नाव सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घालून तिच्या व्यापारावर नजर ठेवावी लागली. त्या जंगलातही पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे नुसतं पाहत बसलं असणार. मग त्याचे मेव्हणे आले असणार.

वहिनींनी २०२४ मध्ये धंदा बंद केला. तोटा झाला म्हणून नव्हे, त्या कंटाळल्या म्हणून. उरलेली चौदा रोपं आणि तो हजेरीपट माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे राहू दे. मला आता घरात हिरवं काही नको." दुपारी दोन ते चार त्या हल्ली वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. चांगलं सोडवतात. परवा मेव्हणे भेटले तेव्हा म्हणत होते, की कोडी तयार करून देण्यालाही हल्ली बरी मागणी आहे. मी त्यांना वहिनींचा नवा फोन नंबर दिलेला नाही.

माझ्याकडची पिल्लं मी विकत नाही, देतो. मात्र अटी आहेत. पिल्लू आईच्या निम्मं झाल्याशिवाय मिळणार नाही, मग वर्ष लागो की दोन. नेणाऱ्यानं आधी एका रविवारी सकाळी येऊन एकतिसांच्या एकतीस रोपांना आंघोळ घालून, उलटी झटकून, वाऱ्यावर वाळत घालून दाखवायची. काचेचा गोळा, चुंबक आणि गरम डिंक घरात नसल्याचं तोंडी सांगितलं तरी चालेल. कुणाच्या मुंजी-बारशासाठी मागायचं नाही. सध्या यादीत तीन नावं आहेत. चौथं मेव्हण्यांचं आहे. त्यांनी एकदम नऊ मागितली आहेत. त्यांना मी रविवारी बोलावलं आहे. बादली ज्यानं त्यानं आपली आणायची.